फेरिक क्लोराइडची नवी बाटली आणि बंद न होणारं वलय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मुंबईत पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. लोखंडाचं उत्प्रेरण वापरून नायट्रोजनयुक्त वलयं बनवणं हा त्यांचा विषय. ऑर्थो-ब्रोमोफेनिल ॲमिडीनचं वलय बंद करून ते बेंझिमिडॅझोल, म्हणजे दोन नायट्रोजन असलेलं वलय, करतात. १० मोल टक्के (मूळ पदार्थाच्या दर शंभर रेणूंमागे दहा) फेरिक क्लोराइड, २० मोल टक्के डीएमईडीए (धातूला धरून ठेवणारं एक डायअमीन), बेस म्हणून पोटॅशियम फॉस्फेट, द्रावक म्हणून टोल्युइन, सीलबंद नळी, १३५ अंश. जुन्या बाटलीतल्या फेरिक क्लोराइडनं सत्तर टक्क्यांच्या वर यील्ड (अपेक्षेपैकी प्रत्यक्ष मिळालेलं उत्पादन) येत होतं. ती बाटली संपल्यावर गाईडनी ९९.९९ टक्के शुद्धतेची महागडी बाटली मागवली, आणि आता दहा टक्केसुद्धा मिळत नाही. हा पावसाळ्याचा परिणाम आहे, हाताची चूक आहे, की विषयच बदलावा, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमच्या हाताची चूक नाही. उलट तुमच्या हातून एक फार महत्त्वाचा प्रयोग झालाय. वलय कोण बंद करतंय हे नव्या बाटलीनं तुम्हाला सांगितलं आहे: बहुधा तांबं.

ही शंका माझ्या मनातून आलेली नाही. २००७ मध्ये जर्मनीतल्या कार्स्टन बोल्म यांच्या गटानं फेरिक क्लोराइड आणि डीएमईडीए वापरून नायट्रोजनला अ‍ॅरिल गट (बेंझीनसारखं वलय) जोडता येतो असं प्रसिद्ध केलं. तुमच्या अटी जवळजवळ तिथूनच आलेल्या दिसतात. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या बाटल्यांतून वेगवेगळे निकाल यायला लागले. तेव्हा बोल्म यांनी स्वतः एमआयटीच्या स्टीफन बुकवाल्ड यांच्यासोबत ते काम पुन्हा तपासलं आणि २००९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की या रिअॅक्शनमध्ये फेरिक क्लोराइडमधल्या इतर धातूंचा, विशेषतः तांब्याचा, मोठा वाटा असू शकतो. अतिशुद्ध फेरिक क्लोराइडनं यील्ड कोसळत होतं आणि अगदी चिमूटभर कॉपर ऑक्साइड टाकलं की परत येत होतं. स्वतःच्या गाजलेल्या शोधावर स्वतःच प्रश्नचिन्ह लावून ते छापणं, याबद्दल मला त्या माणसाविषयी मनापासून आदर आहे. तुमच्या गाईडना हा इतिहास ठाऊक असेल तर उत्तम. नसेल तर आधी तो निबंध काढून दोघांनी सोबत वाचा.

आता थोडं गणित करू, म्हणजे "चिमूटभर" म्हणजे किती ते कळेल. समजा तुम्ही १ मिलिमोल ॲमिडीन घेता. १० मोल टक्के म्हणजे ०.१ मिलिमोल फेरिक क्लोराइड, वजनात १६.२ मिलिग्रॅम. त्यात तांबं २०० पीपीएम (दशलक्षात २०० भाग) असेल असं धरा. तांबं झालं साधारण ३.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०५ मायक्रोमोल. तुमच्या पदार्थाच्या वीस हजार रेणूंमागे तांब्याचा एक अणू. वाचताना हे हास्यास्पद वाटतं. पण डीएमईडीएसारखा डायअमीन लिगँड (धातूला चिकटणारा रेणू), १३५ अंश तापमान आणि रात्रभराचा वेळ दिला, तर तांब्याला एवढ्यावरही पुष्कळ काम करता येतं, शिवाय वलय रेणूच्या आतच बंद होणार असेल तर ते काम सोपंच असतं. ९८ टक्के शुद्धतेच्या बाटलीवर उरलेल्या २ टक्क्यांत काय आहे ते लेबल सांगत नाही. विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला सीओए म्हणतो, ते मागवलं तरी त्यात बहुतेकदा तांब्याची ओळ "इतक्यापेक्षा कमी" एवढीच असते, आणि ते "इतके" तुमच्या रिअॅक्शनला पुरेसं असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माटुंग्याला शिकून, पुढे तीस वर्षांहून जास्त काळ ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काढली. एका कंपनीत आम्ही अशीच एक वलय बंद करण्याची पायरी "लोखंडावर" चालवत होतो. प्रयोगशाळेत तीन महिने छान चालली. पायलटला, म्हणजे कारखान्याआधीच्या मोठ्या चाचणीला, गेलो आणि पहिल्याच बॅचला अर्धं स्टार्टिंग मटेरियल तसंच राहिलं. आम्ही तापमान बघितलं, ढवळणं बघितलं, टोल्युइनमधलं पाणी बघितलं, ऑपरेटरला उगाच चार प्रश्न जास्त विचारले, ज्याची मला आजही खंत आहे. शेवटी एका ज्युनिअर केमिस्ट मुलीनं विचारलं की लॅबमध्ये आपण फेरिक क्लोराइड कुठलं वापरत होतो? तर ते वडगादीतल्या एका व्यापाऱ्याकडून आणलेलं टेक्निकल ग्रेड होतं. पायलटसाठी खरेदी विभागानं चांगलं म्हणून नामांकित, शुद्ध माल मागवला होता. दोन्ही नमुने आयसीपीला (धातूंचा सूक्ष्म अंश मोजणारी चाचणी) पाठवले. टेक्निकल मालात तांबं होतं, शुद्धमध्ये नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच शुद्ध फेरिक क्लोराइडमध्ये तांब्याच्या मिठाचा अंश टाकला आणि रिअॅक्शन पूर्ण झाली. मग लोखंड काढून फक्त तांबं ठेवलं. तरीही पूर्ण झाली. तीन महिने ज्या धातूचं नाव आमच्या रिपोर्टवर होतं, त्याचा त्या रिअॅक्शनशी काही संबंध नव्हता.

हे घडलं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तांबं स्वस्त आहे, आणि औषधातल्या धातूंच्या अवशेषांसाठी जे आयसीएच क्यू३डी मार्गदर्शक आहे त्यात तोंडावाटे घेण्याच्या औषधासाठी तांब्याची रोजची परवानगी ३,००० मायक्रोग्रॅम आहे, पॅलेडियमची १०० मायक्रोग्रॅम. तांबं वापरा ना, पण तांबं म्हणून वापरा. लिगँड तांब्यासाठी निवडा, प्रमाण तांब्याचं मोजा, बॅच रेकॉर्डवर तांबं लिहा. ज्या दिवशी खऱ्या कर्त्याचं नाव कळतं, त्या दिवसापासून प्रोसेस तुमच्या ताब्यात येते.

तर आता तुम्ही काय करायचं. सगळ्यात आधी चार नळ्या लावा: एकीत धातूच नाही, एकीत फक्त शुद्ध फेरिक क्लोराइड, एकीत शुद्ध फेरिक क्लोराइड अधिक तांब्याचा मोजलेला अंश, आणि एकीत तेवढंच तांबं, लोखंडाशिवाय. तांबं थेट तोलून टाकू नका, मायक्रोग्रॅम तोलणारा काटा आपल्याकडे नसतो. कॉपर आयोडाइडचं ॲसिटोनायट्राइलमध्ये पातळ द्रावण करा, त्याची मायक्रोलिटर सिरिंजनं मोजलेली मात्रा नळीत टाका, आणि बाकीच्या नळ्यांतही तेवढंच कोरं ॲसिटोनायट्राइल टाका म्हणजे तुलना न्याय्य राहील. धातू नसलेली नळी टाळू नका. १३५ अंशाला, बेसच्या सोबतीनं, हॅलोजनच्या शेजारी इलेक्ट्रॉन ओढणारा गट असेल तर वलय धातूशिवायही बंद होऊ शकतं, आणि मग सगळंच विवेचन बदलतं.

नळ्या नव्या घ्या. जुन्या नळ्या वापरायच्याच असतील तर ॲक्वा रेजियानं (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण) धुवून घ्या. मॅग्नेटिक बारही नवा. टेफ्लॉनचं आवरण सूक्ष्म ओरखड्यांत मागच्या रिअॅक्शनचा धातू साठवून ठेवतं; पॅलेडियमवाल्या मुलांनी वापरलेला काळपट पडलेला बार तर अजिबात नको. बेससुद्धा संशयाच्या बाहेर नाही. २००३ मध्ये धातूशिवाय सुझुकी जोडणी (एरवी पॅलेडियमनं होणारी, कार्बनला कार्बन जोडणारी रिअॅक्शन) होते असं जाहीर झालं होतं, आणि दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी दाखवून दिलं की सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जांशांत मोजावं इतकं पॅलेडियम होतं, ते काम करत होतं. तुमच्या पोटॅशियम फॉस्फेटचा एक नमुनाही आयसीपीला द्या.

एक सावधगिरी खास मुंबईकरांसाठी. लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्ड कोरायला फेरिक क्लोराइड मिळतं. ताजं असलं तरी ते तांत्रिक दर्जाचं असतं, आणि एकदा बोर्डासाठी वापरलेलं द्रावण म्हणजे तर तांब्याचंच द्रावण. मी कॉलेजमधल्या मुलांना ते "सोय" म्हणून वापरताना पाहिलं आहे. उत्प्रेरणाच्या कामासाठी त्याला हात लावू नका.

पॅलेडियमच्या निबंधांत तुम्ही पाऱ्याची चाचणी वाचली असेल: पाऱ्याचा थेंब टाकला आणि रिअॅक्शन थांबली तर धातूचे कण काम करत होते असं मानतात. लोखंडासाठी ती चाचणी करू नका. पारा आणि लोखंड सहसा एकत्र येत नाहीत. पारा विकला जातो तोच मुळी लोखंडी फ्लास्कमध्ये. काहीच निष्पन्न होणार नाही आणि पाऱ्याची विल्हेवाट लावायचा त्रास तेवढा होईल.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलंत, ते अगदीच बाद करण्यासारखं नाही. निर्जल फेरिक क्लोराइड हे हिरवट झाक असलेलं काळं, चकाकतं स्फटिक. जुलैत आपल्याकडे हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते. तेव्हा बाटली दहा मिनिटं उघडी राहिली तर बुडाशी पिवळट-तपकिरी, ओलसर भुकटी दिसायला लागते. ते हेक्साहायड्रेट आहे. त्याचं रेणूभार २७०, निर्जलचं १६२. म्हणजे निर्जल समजून तुम्ही १६ मिलिग्रॅम तोललंत तर प्रत्यक्षात लोखंड ६० टक्केच गेलं. पण याहून मोठी भानगड पाण्याच्या दुसऱ्या कामाची आहे. फेरिक क्लोराइड ओल पकडलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं. बाटली उघडल्यावर जो धूर दिसतो तो त्याचाच.

तुमच्या बेंझिमिडॅझोलमध्ये दोन पट बेस आहे, त्यामुळे तिथे हा मुद्दा येत नाही. पण तुम्ही पुढे क्विनोलीन करायला घेतलंत, म्हणजे ॲनिलीन, ॲल्डिहाइड आणि अल्काइन एकत्र करून फेरिक क्लोराइड टाकलंत, किंवा कार्बोनिल आणि डायअमीनचं संघनन करून वलय बांधलंत, तर तिथे फेरिक क्लोराइड बहुतेकदा निव्वळ ल्युईस ॲसिड (इलेक्ट्रॉनांची जोडी घेणारं) म्हणून वागतं, आणि कधी कधी तेही नाही: फक्त सुटलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड काम करत असतं. हे ओळखायला २,६-डाय-टर्ट-ब्युटिलपिरिडीन वापरा. नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना इतके अवजड गट आहेत की त्याला प्रोटॉन पकडता येतो, पण धातूला चिकटता येत नाही. ते थोडं टाकल्यावर रिअॅक्शन थंड पडली तर उत्प्रेरक प्रोटॉन होता. यावर अनेक प्रबंधांतले तक्ते कोसळतील, हे मी जबाबदारीनं लिहितो.

इथवर वाचून वाटेल की मी लोखंडाच्या विरोधात आहे. मुळीच नाही. नायट्रोजनच्या वलयांसाठी लोखंडाचं स्वतःचं, हक्काचं क्षेत्र आहे आणि मला ते फार प्रिय आहे. आपल्या रक्तातला हीम बघा: चार पायरोल वलयांच्या चार नायट्रोजनांच्या मधोमध लोखंड बसलेलं आहे. यकृतातलं सायटोक्रोम पी४५० त्याच रचनेवर कार्बन-हायड्रोजन बंधात ऑक्सिजन घुसवतं. चेंबूरला आरसीएफ या खत कारखान्यात जो अमोनिया तयार होतो तो लोखंडाच्याच उत्प्रेरकावर. १९१३ साली ओप्पाऊला हाबर-बॉश पद्धत सुरू झाली तेव्हापासून, ॲल्युमिना आणि पोटॅशियमची जोड दिलेलं लोखंडच हे काम करत आलं आहे. आपण प्रयोगशाळेत ज्या नायट्रोजनशी खेळतो तो बहुतेक सगळा कधी ना कधी लोखंडाच्या पृष्ठभागावरून आलेला आहे.

अडचण अशी होते की लोक लोखंडाला स्वस्तातलं पॅलेडियम समजतात. पॅलेडियम दोन-दोन इलेक्ट्रॉनांच्या उड्या मारतं: शून्यावरून दोनवर, दोनवरून शून्यावर. अ‍ॅरिल हॅलाइडच्या बंधात शिरायचं, अमीन जोडायचं, बाहेर पडायचं. लोखंडाचा स्वभाव एकेका इलेक्ट्रॉनचा आहे. दोन, तीन, चार अशा अवस्थांतून ते जातं, त्याच्याकडे जोडीदाराविना राहिलेले इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यामुळे मूलकांची (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंची) रसायनं त्याला जमतात. जिथे मूलकासारखं वागणं हा दोष नसून गरज असते, तिथे लोखंड पॅलेडियमपेक्षा सरस ठरतं. असं मुख्य ठिकाण म्हणजे नायट्रीन: नायट्रोजनचा एक अणू, ज्याच्याकडे दोन बंधांची भूक आहे, तो धातूवर बसवायचा आणि शेजारच्या कार्बन-हायड्रोजन बंधात घुसवायचा.

१९८३ मध्ये ब्रेस्लो आणि गेलमन यांनी लोखंड आणि मँगनीजच्या पॉर्फिरिनवर (हीमसारख्या चौकटीवर) नायट्रीन रेणूच्या आत घुसवून वलय बंद करून दाखवलं होतं. पण खरी बहर नंतर आली. ॲझाइड (ओळीनं तीन नायट्रोजन असलेलं संयुग) हा नायट्रीनचा सगळ्यात स्वच्छ स्रोत, कारण बाहेर पडतो तो फक्त नायट्रोजन वायू. २०११ मध्ये बोनामूर आणि बोल्म यांनी लोखंडाच्या ट्रायफ्लेटवर ॲझाइडोॲक्रिलेटपासून इंडोल केले. २०१३ मध्ये हार्वर्डच्या टेड बेटली यांच्या गटानं तर साध्या, सरळ साखळीच्या ॲझाइडपासून पायरोलिडीन बनवलं: साखळीतल्या एका कार्बनवरचा हायड्रोजन काढून तिथेच नायट्रोजन जोडला, वलय तयार. कुठलाही हॅलोजन नाही, आधी बसवलेला कार्यकारी गट नाही. पॅलेडियमनं हे इतक्या सरळपणे होत नाही.

बेटलींच्या त्या कामातली एक बारीक गोष्ट मला प्रोसेस केमिस्ट म्हणून फार शिकवून गेली. तयार झालेलं पायरोलिडीन हे अमीन आहे, आणि अमीन लोखंडाला घट्ट चिकटतं. म्हणजे प्रत्येक यशस्वी फेरीनंतर उत्प्रेरक स्वतःच्याच उत्पादनानं अडकतो. त्यावर त्यांनी बॉक अनहायड्राइड मिश्रणातच ठेवलं, म्हणजे पायरोलिडीन तयार होताच बॉकनं झाकलं जातं आणि लोखंड मोकळं होतं. नायट्रोजनच्या वलयांसोबत लोखंड वापरताना ही अडचण तुम्हाला जागोजाग भेटणार आहे, कारण तुमचं उत्पादन हाच एक लिगँड आहे. यील्ड ३० टक्क्यांवर येऊन थबकलं तर तापमान वाढवण्याआधी थोडं तयार उत्पादन सुरुवातीलाच टाकून बघा. रिअॅक्शन मंदावली तर उत्तर मिळालं.

फ्रान्सिस आर्नल्ड यांनी हेच काम विकरांकडून (एन्झाइमांकडून) करून घेतलं. पी४५० मध्ये बदल करून, लोखंडाला धरणाऱ्या सिस्टीन या अमिनो ॲसिडच्या जागी सेरीन बसवून, सल्फोनिल ॲझाइडपासून वलयी सल्फोनामाइड बनवणारे विकर त्यांच्या गटानं तयार केले. २०१८ चं नोबेल त्यांना विकरांच्या निर्देशित उत्क्रांतीसाठी मिळालं. निसर्गानं हे लोखंड ऑक्सिजनसाठी घडवलं होतं. त्याला नायट्रोजन शिकवता येतो, हे वाचून मी त्या दिवशी लोकलमध्ये कळवा स्टेशन विसरून पुढे गेलो होतो.

आता ॲझाइडबद्दल, आणि हा परिच्छेद कृपया वगळू नका. लहान ॲझाइड स्फोटक असतात. रेणूतल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंची बेरीज भागिले नायट्रोजनचे अणू, हे तीनपेक्षा कमी आलं तर तो ॲझाइड शुद्ध करून बाटलीत ठेवू नका, डिस्टिल तर कधीच करू नका. सोडियम ॲझाइडच्या वर्कअपला (रिअॅक्शननंतर धुऊन वेगळं करण्याला) डायक्लोरोमिथेन वापरू नका, त्यातून डायॲझाइडोमिथेन तयार होतं. ॲसिड लागलं की हायड्रॅझोइक ॲसिड सुटतं, ते विषारीही आहे आणि स्फोटकही. धातूचा चमचा नको. सिंकमध्ये ओतायचं नाही, पाइपमध्ये तांबं किंवा शिसं असेल तर तिथे साठत जाणारा पदार्थ पुढच्या प्लंबरच्या जिवावर उठतो. आणि वायूचा हिशेब आधी करा: एक मोल ॲझाइड म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर नायट्रोजन. १० मोलच्या बॅचला २४० लिटर. ॲझाइड एकदम टाकून मग तापवलं तर तो सगळा वायू आणि सगळी उष्णता एका दमात येते. गरम उत्प्रेरकावर हळूहळू सोडायचं, सोडल्याबरोबर संपतंय याची खात्री करत. तुमची सीलबंद नळी या रिअॅक्शनला चालणार नाही.

याच कारणासाठी कारखान्यात मला नायट्रोकडून जाणारा रस्ता जास्त आवडतो. नायट्रो संयुगं आपल्या पट्ट्यात मुबलक आणि स्वस्त. टॉम ड्रायव्हर यांच्या गटानं औषध कंपनीतल्या एका सहकाऱ्यासोबत २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली रिअॅक्शन बघा: ऑर्थो-नायट्रोस्टायरीन, आयर्न ॲसिटेट, ४,७-डायमेथॉक्सी-फेनँथ्रोलीन, आणि क्षपणक (ऑक्सिजन काढून घेणारं रसायन) म्हणून फेनिलसिलेन. इंडोल तयार. इथे मोकळं नायट्रीन न होता नायट्रोसो अवस्थेतून वलय बंद होतं. जुन्या कॅडोगन पद्धतीत ट्रायएथिल फॉस्फाइट उकळवावं लागायचं आणि फॉस्फेटचा ढीग पडायचा. पॅलेडियमच्या पद्धतीत कार्बन मोनॉक्साइडचं सिलिंडर लागायचं. त्या तुलनेत हे किती सुटसुटीत आहे. फेनिलसिलेन महाग आहे हे खरं. पीएमएचएस, म्हणजे सिलिकोन उद्योगातून येणारं स्वस्त पॉलिमेथिलहायड्रोसिलोक्सेन, चालतं का हे बघण्यासारखं आहे. चाललं तर तो तुमच्या प्रबंधातला एका अख्ख्या प्रकरणाचा विषय होईल. फक्त सिलेनच्या वर्कअपला हायड्रोजन सुटतो हे लक्षात ठेवा, आणि पीएमएचएसचा शेवटी जो चिकट जेल होतो त्याची फिल्टरवर आधी चाचणी घ्या.

आमच्या पिढीला हे वाचताना वेगळंच वाटतं, कारण नायट्रो आणि लोखंड ही जोडी आम्ही दुसऱ्या रूपात पाहिली आहे. १८५४ ची बेशाँ पद्धत: बिडाचा चुरा, थोडं ॲसिड, उकळतं पाणी, आणि नायट्रोबेंझीनचं ॲनिलीन. तिथे लोखंड उत्प्रेरक नव्हे, खाद्य असतं. समीकरण मांडलंत तर एक किलो ॲनिलीनमागे जवळपास १.९ किलो कोरडा आयर्न ऑक्साइड पडतो, आणि प्रत्यक्षात तो ओला, सेंद्रिय पदार्थ धरून बसलेला काळा गाळ असतो. रंगद्रव्यांच्या मध्यवर्ती रसायनांचे कारखाने जिथे जिथे होते तिथल्या नाल्यांकडेला मी तो पाहिला आहे. म्हणून एखादा निबंध "लोखंडानं हरित पद्धत" म्हणतो तेव्हा मी आधी बघतो: लोखंड मोल टक्क्यांत आहे की समतुल्यांत, म्हणजे मूळ पदार्थाच्या बरोबरीनं? स्क्राउपच्या १८८० च्या क्विनोलीन पद्धतीतही फेरस सल्फेट आहे, पण ते ग्लिसरॉल-ॲनिलीनच्या त्या उग्र रिअॅक्शनला आवरायला. पाककृतीत लोखंडाचं नाव दिसलं म्हणजे लोखंडाचं उत्प्रेरण झालं असं नाही.

तिसरा एक रस्ता म्हणजे उधार हायड्रोजनचा: उत्प्रेरक अल्कोहोलचा हायड्रोजन काढून घेतो आणि शेवटी परत देतो. २०१४ मध्ये बेन फेरिंगा आणि कॅटालिन बार्ता यांच्या गटानं नोलकर प्रकारच्या लोखंडी संकुलावर (लिगँडनी वेढलेल्या धातूवर) अल्कोहोल आणि अमीन थेट जोडले. डायॉल घेतलं तर पाच ते सात घटकांचं वलय मिळतं. बाहेर पडतं फक्त पाणी. पायपरिडीन, पायरोलिडीन यांसाठी सुंदर आहे. संकुल स्वतः बनवावं लागतं, त्यात आयर्न कार्बोनिल हाताळावं लागतं, त्यामुळे चांगल्या फ्यूम हूडशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

खर्चाबद्दल एक गैरसमज दूर करतो. लोखंड पृथ्वीच्या कवचात ५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि पॅलेडियम अब्जात काही भाग, म्हणून लोखंडाची पद्धत आपोआप स्वस्त, असं सरळ गणित नसतं. पॅलेडियम ०.१ मोल टक्के लागतं आणि परत मिळवायला रिफायनरीत जातं. लोखंड १० मोल टक्के लागतं, त्यावरचा लिगँड धातूपेक्षा कितीतरी महाग असतो आणि तो वाहून जातो. लोखंडाचा खरा फायदा शेवटच्या पायऱ्यांत आहे. २०१४ च्या एका प्रसिद्ध पाहणीनुसार अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लहान रेणूंच्या औषधांपैकी ५९ टक्क्यांत नायट्रोजनचं वलय आहे, आणि ही वलयं पॅलेडियमला धरून ठेवण्यात पटाईत असतात. क्यू३डी मध्ये लोखंडासाठी मर्यादाच ठरवलेली नाही, कारण त्याची विषारकता कमी. शेवटून दुसऱ्या पायरीला पॅलेडियम उपसत बसण्याचे आठवडे वाचणं, ही बचत खरी.

लोखंड काढणं सोपं आहे असं मात्र समजू नका. रिअॅक्शन संपल्यावर सवयीनं सोडियम कार्बोनेट ओतलंत तर फेरिक हायड्रॉक्साइडचा तपकिरी जेल होतो, थर सुटत नाहीत, फिल्टर तुंबतो. त्याऐवजी ईडीटीएचं सोडियम मीठ किंवा सायट्रिक ॲसिड पाण्यात घ्या, पीएच ७ ते ८ दरम्यान ठेवा, अर्धा तास कोमट ढवळा. लोखंड पाण्यात जातं, तुमचं वलय सेंद्रिय थरात राहतं. बेंझिमिडॅझोलसारखी वलयं लोखंड धरतात, म्हणून दोनदा करा. एनएमआरमध्ये (रेणूची रचना ओळखणारी चाचणी) रेषा रुंद, फुगीर दिसल्या तर पदार्थ अशुद्ध आहे असं लगेच ठरवू नका. अनुचुंबकीय लोखंडाचा अंश राहिला की असंच होतं. पोटॅशियम थायोसायनेटचा एक थेंब टाका, बीएस्सीच्या प्रॅक्टिकलसारखा. लाल रंग आला तर पुन्हा धुवा.

विषय बदलू नका, पण रिअॅक्शन बदला. या आठवड्यात त्या चार नळ्या लावा, जुन्या बाटलीच्या तळाशी खरवडून ५० मिलिग्रॅम निघत असेल तर ते आणि नवी बाटली, दोन्ही आयसीपीला पाठवा. तांबं सिद्ध झालं तर ते प्रबंधात पहिल्याच प्रकरणात स्वच्छ लिहा, तक्त्यासकट. परीक्षक त्याचा मान राखतील. मग ऑर्थो-नायट्रोस्टायरीनपासून सुरुवात करा, आणि पहिल्या दिवसापासून अतिशुद्ध आयर्न ॲसिटेट आणि साधं आयर्न ॲसिटेट शेजारी शेजारी चालवा. दोन्हींत सारखंच यील्ड आलं, तांबं मुद्दाम टाकून फरक पडला नाही, आणि लोखंडाशिवायच्या नळीत काहीच झालं नाही, की लोखंडाचं नाव शीर्षकात घालायला हरकत नाही. नळ्यांचे निकाल आले की आकडे कळवा, लॉट नंबर आणि बाटली उघडल्याची तारीख यांसकट.